मशीन ठरलं, मास्कचं काय?

छत्रपती संभाजीनगरात सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून हवेचा दाब देणारं यंत्र, घ्यायला निघालेलं कुटुंब दोन गोष्टी कसून विचारतं: कंपनी कुठली आणि वॉरंटी किती वर्षांची. मास्कची चौकशी सहसा कुणी करत नाही. तो मशीनबरोबर ‘सोबत येतो’, आणि पुष्कळदा नाक-तोंड दोन्ही झाकणारा, मोठा येतो. मोठा म्हणजे भक्कम, असा आपला हिशेब. दोन महिन्यांत ते चाळीस-पन्नास हजारांचं यंत्र कपाटावर चढतं आणि घरात निकाल लागतो, ‘ह्यांना मशीन सोसलं नाही.’ माझं म्हणणं असं, की अशा बऱ्याच लोकांना सोसलेला नसतो तो मास्क. आणि मास्कचं गणित माणूस उताणा झोपतो की कुशीवर यापासून वेगळं काढता येत नाही.

आधी हे मशीन ज्यासाठी लागतं त्या आजाराविषयी, स्लीप ॲप्नियाविषयी, थोडं. जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट उघडी धरून ठेवतात. झोपेत ते सैलावले की जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात. वाट अरुंद झाली की घोरणं सुरू होतं, आणि पुरती मिटली की एकदम शांतता. शेजारी झोपलेल्या बायकोला घोरण्याची सवय झालेली असते. तिला उठवून बसवते ती ही शांतता. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की तो एक ‘ॲप्निया’ धरतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. डोकं मात्र जड असतं आणि दुपारी खुर्चीत डुलकी लागते. पूर्ण आणि अर्धवट अडथळे मिळून तासाला किती, यावर आजाराची पायरी ठरते: ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र.

हा आजार फक्त लठ्ठ श्रीमंतांचा, हा समज मोडायला मुंबईतलीच एक पाहणी पुरेशी आहे. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांत झोपेतले श्वासाचे अडथळे आढळले, आणि ७.५ टक्क्यांत दिवसाच्या पेंगुळलेपणासह पुरा आजार. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

गंमत अशी, की इलाजाचा जन्म झाला तोच मास्कच्या पंचाइतीत. १९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्यापुढे तीव्र ॲप्नियाचा एक रुग्ण होता. त्या काळी अशा माणसाच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवत; तो त्याला तयार नव्हता. सलिव्हन यांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फिरवून हवा ओढण्याऐवजी फेकायला लावली आणि ती नळीने नाकात सोडली. घसा उघडा राहिला, माणूस रात्रभर झोपला. १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा वृत्तान्त छापून आला. मोटर बाजारात मिळत होती. मास्क कुठेच मिळत नव्हता. मग रुग्णाच्या चेहऱ्याचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यावरून नाकाचा मास्क घडवायचा आणि तो रोज रात्री सिलिकॉनच्या डिंकाने चेहऱ्याला चिकटवायचा, असा उद्योग सुरू झाला. सकाळी तो सोलून काढायचा. ध्यानात घ्यायची गोष्ट ही, की पहिला मास्क नाकाचाच होता.

या हवेचा जोर किती? तो ‘सेंटिमीटर पाणी’ या मापात मोजतात. घरच्या उंच पेल्यात पाणी घ्या, स्ट्रॉचं टोक दहा सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा सुटतो त्या क्षणी तुमच्या तोंडातला दाब दहा सेंटिमीटर असतो. सीपॅप साधारण ४ ते २० च्या दरम्यान चालतं. ४ च्या खाली सहसा जात नाहीत, कारण मास्कला मुद्दाम ठेवलेल्या बारीक छिद्रांतून आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर ढकलायला तेवढा झोत लागतोच. ती छिद्रं ‘गळती’ समजून चिकटपट्टीने बुजवणारे महाभाग असतात, म्हणून हे सांगितलं.

आता नाक की तोंड, हा खरा वादाचा मुद्दा. हवा फक्त नाकातून आली, तर ती मऊ टाळूच्या मागच्या बाजूने खाली उतरते आणि टाळूला पुढे, जिभेकडे रेटते. टाळू जिभेला टेकला की तोंडाची वाट मागून बंद होते आणि जीभही पुढेच राहते. तोच दाब नाकातून आणि तोंडातून एकदम आला, तर टाळूच्या आणि जिभेच्या दोन्ही अंगांना सारखाच. मग पुढे रेटायला उरतं काय? त्यात मोठ्या मास्कचे पट्टे हनुवटीला मागे ओढतात, आणि जबड्याबरोबर जीभही मागे जाते. ज्या वाटेसाठी एवढा खटाटोप, तीच थोडी मिटते. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांच्या घशात बारीक दुर्बीण घालून हे पाहिलं. २०१६ मध्ये त्यांनी लिहिलं, की हवा नाकाऐवजी तोंडातून दिली की जिभेच्या मुळामागची जागा आकसते. दवाखान्यांतला अनुभवही याला धरूनच आहे: मोठ्या मास्कला दाब जास्त लागतो, गळती जास्त होते, तरीही उरलेले अडथळे जास्त दिसतात आणि लोक तो कमी तास लावतात. अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संघटनेनेही २०१९ मध्ये आपला कौल नाकाच्या मास्ककडे दिला.

‘पण मी तोंडाने श्वास घेतो,’ हे उत्तर ठरलेलं. अनेक जण तोंड उघडतात ते घसा अडतो म्हणून. दाबाने घसा मोकळा झाला की काही रात्रींत त्यांचं तोंड आपोआप मिटतं. ज्यांचं नाकच बंद आहे, त्यांची गोष्ट निराळी. आपल्याकडे धूळ काही कमी नाही, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अशी कोरडी होते की नाकाची आतली त्वचा तडकते. त्यात मशीनचा झोत. नाक चोंदतं, तोंड उघडतं, हवा तोंडावाटे निसटते, घसा पहाटे लाकडासारखा कोरडा पडतो, आणि मग कुणीतरी मोठा मास्क सुचवतं. त्याआधी झोताला ओलावा देणारा ह्युमिडिफायर लावून पाहावा. त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावं. बोअरचं पाणी घातलं तर आठवडाभरात भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. ॲलर्जी असेल तर नाकाचा स्प्रे, नाकाचं हाड वाकडं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा सल्ला. एवढं करूनही नाक साथ देत नसेल, तर मोठा मास्क जरूर घ्यावा. वापरलेला मोठा मास्क हा न वापरलेल्या छोट्यापेक्षा केव्हाही बरा. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायची जी टूम सध्या मोबाइलवर फिरते आहे, तिच्या वाटेला मात्र चोंदलेल्या नाकाच्या माणसाने जाऊ नये.

मिशांचाही एक प्रश्न आहे. भरघोस मिशीवर सिलिकॉनची कड नीट टेकत नाही आणि केसांमधून हवा फुरफुरत राहते. मिशी काढा म्हणून गंगापूर-पैठणच्या माणसाला सांगायची माझी तरी छाती नाही. त्याच्यासाठी नाकपुड्यांच्या तोंडाशी बसणारा ‘नेझल पिलो’ प्रकार आहे; तो मिशीला फारसा हात लावत नाही.

आता कुशीकडे वळू. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणातली बुद्धमूर्ती दिसते, सुमारे सात मीटर लांब. उजवी कूस, उजवा हात गालाखाली, डोक्याखाली दगडातच कोरलेली उशी. भिक्षूंनी असंच उजव्या कुशीवर झोपावं, असं बौद्ध ग्रंथ सांगतात. त्यामागची कारणं साधनेची आहेत, घशाची नव्हेत. पण घशाचं शरीरशास्त्र या आसनावर खूश होईल. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू आपल्याच वजनाने मागे पडतात, फुप्फुसांत हवा कमी मावते आणि श्वासनलिकेला खालून मिळणारा ताण सैल होतो, त्यामुळे वरची वाट लवकर मिटते. कुशीवर वळलं की जीभ बाजूला कलते. उजवी की डावी, याने घशाला फारसा फरक पडत नाही. जेवणानंतर आम्लपित्ताचा त्रास होणाऱ्यांना आपली वामकुक्षी जास्त मानवते, एवढंच. ‘अहो, कुशीवर व्हा जरा,’ असं म्हणून कोपर मारणारी बायको शास्त्राला धरूनच वागत असते.

शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये याला मोजमाप दिलं: उताण्या स्थितीतला तासाचा आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा अधिक असेल, तर ॲप्निया ‘स्थितीनुसार’. पुढच्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक रुग्ण या व्याख्येत बसले. म्हणून स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या तपासणीचा, अहवाल हातात आला की वरचा मोठा आकडा वाचून थांबू नये. आत उताणं आणि कुशीवर असे वेगळे रकाने असतात. समजा एकूण आकडा २२ आहे. उताणं ४० आणि कुशीवर ८ असेल, तर हा माणूस आणि दोन्हीकडे २२ असलेला माणूस यांचा इलाज एकच कसा असेल? शिवाय अंगभर वायरी लावलेल्या रात्री माणूस बिचकून उताणाच पडून राहतो, त्यामुळे एकूण आकडा घरच्यापेक्षा फुगलेला असू शकतो. लठ्ठपणा फार असेल किंवा आजार तीव्र असेल, तर बहुधा दोन्ही रकाने मोठे येतात; अशांना नुसती कूस बदलून भागत नाही.

कूस मशीनलाही हलकं करते. इस्रायलमधल्या ओक्सेनबर्ग यांनी १९९९ मध्ये दाखवलं, की एकाच रुग्णाला उताणं असताना लागणारा दाब कुशीवरच्यापेक्षा सरासरी दोन-अडीच सेंटिमीटरने जास्त असतो. कमी दाब म्हणजे कमी गळती, पट्टे सैल, नाकावर वळ नाहीत. पाठीला टेनिसचा चेंडू शिवलेला बनियन घालून उताणं होणं टाळायची जुनी युक्ती मात्र टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका पाठपुराव्यात अडीच वर्षांनी शंभरात दहा जणही ती वापरत नव्हते. पाठीमागे लांब लोड ठेवणं जास्त सोसतं. आणि उंच दोन उशा घेऊ नयेत, हनुवटी छातीवर येऊन वाट दबते; डोकं उंच हवं असेल तर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा द्याव्यात.

एवढं सगळं पटवून माणूस कुशीवर वळतो, आणि तिथेच मास्क उशीला घासून सरकतो. कड उचलली जाते, हवा थेट डोळ्यात. सकाळी डोळे लाल. तो पट्टे आणखी आवळतो आणि गळती आणखी वाढते, कारण सिलिकॉनची पातळ कड हवेने फुगून चेहऱ्याला टेकायची असते. आवळली की तिला सुरकुत्या पडतात. यावर उपाय साधा आहे, फक्त दुकानात खुर्चीवर बसून होत नाही. मशीन रात्रीच्या दाबावर सुरू करून, आडवं होऊन, आपल्या नेहमीच्या कुशीवर आणि शक्यतो आपल्याच उशीवर मास्क बसवून पाहायचा. आडवं झालं की गालांची ठेवण बदलते. नळी डोक्यावरून निघणारा मास्क कुशीवर झोपणाऱ्याला सोयीचा. कडांना खाच असलेल्या उशाही मिळतात. विक्रेता आडवं होऊ देत नसेल, तर दुसरा पाहावा. हृदयाला पेसमेकर असेल तर पट्ट्यांना चुंबकाच्या चकत्या नाहीत ना, हेही विचारावं. मोठ्या कंपन्यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये याबद्दल सावधगिरीच्या सूचना काढल्या आहेत, आणि त्या शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहेत.

राहता राहिली वीज. रात्री ती गेली की मशीन थांबतं. नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळं असतं. मोठ्या मास्कला यासाठी एक झडप असते, ती दाब गेला की उघडते आणि बाहेरची हवा आत घेते. धुतल्यावर ती अडकलेली नाही ना, हे पाहत जावं. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवायचं तर ह्युमिडिफायरची उष्णता बंद ठेवावी. विजेचा मोठा वाटा तीच खाते.