आकड्यांचे चित्र : पाहावे कसे, काढावे कसे



वार्षिक सभेत अहवालाचे वाचन होते. गाळप इतके टन, साखर इतके क्विंटल, उतारा इतके टक्के, कर्ज इतके, व्याज इतके. आकड्यामागून आकडा येतो. मंडपातली मंडळी ऐकतात, "मंजूर, मंजूर" म्हणतात आणि जेवणाच्या पंगतीकडे वळतात. घरी गेल्यावर कोणी विचारले, "काय झालं जी सभेत?" तर धड सांगता येत नाही. यात सभासदांचा दोष नाही. नुसता ऐकलेला आकडा कानावरून जातो, मनात ठरत नाही. तोच आकडा भिंतीवर चित्राच्या रूपाने मांडला, तर शाळेची पायरी न चढलेला कास्तकारही दोन मिनिटांत म्हणेल, "हे अंदाजपेक्षा कमी झालं, काऊन?"

आकडे, रेषा, रंग आणि चित्र यांची सांगड घालून एखादी गोष्ट एका नजरेत समजावून देणारा जो तक्ता असतो, त्याला शहरातली मंडळी आजकाल इन्फोग्राफिक म्हणतात. आपण त्याला चित्रतक्ता म्हणू. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. १९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. उमेदवाराच्या पेटीवर चिन्ह लावले आणि लोकांनी बरोबर मतदान केले. अंगणवाडीतला मुलांच्या वजनाचा तक्ताही याच जातीचा. मेळघाटातल्या ज्या आईला अक्षर येत नाही, तिलाही आपल्या लेकराचा ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे, पिवळ्यात उतरला की नारिंगी पट्ट्यात गेला, हे दिसते. रेषा वर चढते आहे की आडवी पडली आहे, एवढे पाहिले तरी दवाखान्यात कधी जायचे ते कळते.

ही युक्ती आली कोठून

१७८६ साली विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने इंग्लंडच्या व्यापाराचे आकडे रेषा आणि खांब काढून छापले. १८०१ साली त्यानेच भाकरीचे तुकडे पाडावेत तसे वर्तुळाचे भाग पाडून हिस्से दाखवले. पुढे क्रिमियाच्या युद्धात परिचर्येचे काम केलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५८ मध्ये एक चित्र काढून सरकारपुढे ठेवले. लढाईतल्या जखमांपेक्षा अस्वच्छतेतून होणाऱ्या रोगांनी जास्त शिपाई मेले, हे त्या चित्रात ठळक दिसत होते. १९२५ साली व्हिएन्ना शहरात ओटो नॉयराथ यांनी सामान्य कामगारांसाठी अशा चित्रांचे संग्रहालयच उघडले. त्यांचा एक नियम आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे, तो पुढे येईलच.

आपल्याकडे हे काम कृषी प्रदर्शनांनी केले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले. शेतकऱ्याला भाषणापेक्षा डोळ्यांनी दाखवलेले लवकर पटते, ही त्यामागची धारणा. अकोल्याला १९६९ साली स्थापन झालेले आणि त्यांचे नाव धारण करणारे कृषी विद्यापीठ आजही शिवार फेरी भरवून हेच करते.

औषधाच्या डब्यावरचा चौकोन

सर्वांत जास्त घरांत असलेला आणि सर्वांत कमी वाचला जाणारा चित्रतक्ता म्हणजे कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत चौकोन. तो कोपऱ्यावर उभा केलेला असतो. वरच्या अर्ध्या भागात खूण व इशारा, खालच्या अर्ध्या भागात रंग. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे रंग चार आहेत :

लाल : अत्यंत विषारी. वर कवटी व हाडांचे चित्र आणि 'विष' हा शब्द.
पिवळा : जास्त विषारी. 'विष' हा शब्द असतो, कवटी नसते.
निळा : मध्यम विषारी. 'धोका' असा इशारा.
हिरवा : त्या मानाने कमी विषारी. 'सावधान' असा इशारा.

हे रंग मनाला येईल तसे दिलेले नाहीत. प्रयोगातल्या शंभर जनावरांपैकी पन्नास मरायला, वजनाच्या दर किलोमागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, त्यावरून रंग ठरतो. लाल रंगाला १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळ्याला ५१ ते ५००, निळ्याला ५०१ ते ५,००० आणि हिरव्याला ५,००० च्या वर. म्हणजे लाल औषध थोडेसेच पुरते आणि हिरवे त्याच्या शंभरपटीहून जास्त लागते.

येथे दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही जिवाशी येणारे आहेत. पहिला, दुकानात नेहमी ऐकू येतो तो : "लाल पट्टीवालं दे भाऊ, तेच कडक असते." हा रंग माणसाला असलेला धोका सांगतो. अळी किती मरेल, मावा-तुडतुडे किती जातील, याच्याशी त्या रंगाचा काही संबंध नाही. दुसरा गैरसमज हिरव्याचा. रस्त्यावरच्या दिव्यासारखे "हिरवं म्हणजे चालू द्या" असे येथे नाही. हिरवे औषधही औषधच आहे. उघड्या हाताने कालवायचे नाही आणि वाऱ्याच्या तोंडी उभे राहून फवारायचे नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावे लागले. अकोला-अमरावतीकडेही रुग्ण निघाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती, दोन-तीन औषधे एकत्र कालवली गेली, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. चौकोन प्रत्येक डब्यावर छापलेला होता. पण त्याचा अर्थ काय, हे फवारणाऱ्या मजुराला कोणी सांगितलेले नव्हते. चित्र छापले की काम संपले असे नाही, ते समजावून देणारा माणूसही लागतो. उसावर खोडकिडीसाठी औषध वापरताना आपण मालक म्हणून एवढे करावे : डबा मजुराच्या हाती देण्याआधी त्याला चौकोन दाखवावा व अर्थ सांगावा. काही त्रास झालाच तर माणसाबरोबर तो डबाही दवाखान्यात न्यावा, कारण उतारा कोणता द्यायचा ते डॉक्टरांना लेबल व घडीपत्रकावरून कळते.

शंभर किलो ऊस : एक चित्र

आता आपल्या बंडीतल्या मालाकडे येऊ. एका कागदावर दहा उभे व दहा आडवे असे शंभर चौकोन आखा. प्रत्येक चौकोन म्हणजे एक किलो ऊस. त्यातले साधारण ७० चौकोन निळे करा, ते पाणी. १३-१४ चौकोन तपकिरी, तो तंतू. १२-१३ चौकोन पांढरे, ती साखर. उरलेले इतर द्रव्य.

शेजारी दुसरे शंभर चौकोन आखा, कारखान्यातून काय निघते त्याचे. सुमारे १० ते ११ किलो साखर, २८ ते ३० किलो ओला भुसा (बगॅस), ४ ते साडेचार किलो मळी, ३ ते ४ किलो प्रेसमड. बाकी बहुतेक पाणी वाफ होऊन जाते. दोन चित्रे शेजारी ठेवली की लगेच दिसते की उसात साखर १३ होती आणि पोत्यात १० किंवा ११ च आली. मधले दोन-तीन चौकोन गेले कोठे? काही भुशात, काही मळीत, काही प्रेसमडमध्ये. आणि काही तर कारखान्यात येण्याआधीच गेले. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर मोडू लागते, म्हणून तोडणीपासून चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असे म्हणतात. यात थोडी जबाबदारी कारखान्याची, थोडी तोडणी टोळीची आणि थोडी आपलीही आहे. पाचट व वाढे तसेच मोळीत बांधून पाठवले तर वजन वाढते, साखर वाढत नाही.

भावाची शिडी

उतारा वाढला की भाव किती वाढतो, हे शिडीच्या चित्राने सोपे होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. ही शिडीची मधली पायरी. त्यावर उताऱ्याची दर ०.१ टक्क्याची एक पायरी चढली की ३ रुपये ४६ पैसे वाढतात आणि एक पायरी उतरली की तेवढेच कमी होतात. साडेनऊ टक्क्यांच्या खाली मात्र शिडी नाही, तेथे जमीन आहे : ३२९ रुपये ५ पैसे. त्याखाली भाव जात नाही.

एक हिशेब करून पाहू. उतारा ११.२५ पडला तर दहा पायऱ्या वर, म्हणजे ३५५ अधिक ३४ रुपये ६० पैसे, एकूण ३८९ रुपये ६० पैसे क्विंटल. टनाला ३,८९६ रुपये. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन हाती येते. एका पायरीचा फरक टनाला साडेचौतीस रुपयांवर जातो. चाळीस टन ऊस घालणाऱ्याला एकच पायरी सुमारे १,३८४ रुपयांची पडते. ही शिडी घरात भिंतीवर काढून ठेवली, तर उताऱ्याबद्दल सभेत प्रश्न विचारायला कोणाच्या चिठ्ठीची गरज राहणार नाही.

पाण्याचे टँकर मोजा

"औंदा शंभर मिलिमीटर झाला" असे म्हटले तर डोळ्यांपुढे काही येत नाही. पण एक हेक्टर वावरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १०,००० लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला सुमारे ४,००० लिटर. हे एकदा ध्यानात आले की सगळे पाणी टँकरच्या चित्रांत मांडता येते.

वऱ्हाडच्या मैदानी भागात वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ९०० मिलिमीटर. म्हणजे हेक्टरी आठशेच्या आसपास टँकर, तेही सगळे मुरत नाहीत, बरेच नाल्याने वाहून जातात. पाटाने पाणी दिलेल्या उसाला वर्षभरात २,००० ते २,५०० मिलिमीटरची गरज धरतात. कागदावर दहा-दहा टँकरांच्या ओळी काढा. एका बाजूला दोनशेहून अधिक ओळी, दुसऱ्या बाजूला ऐंशी. मधली तूट विहिरीतून, बोअरमधून किंवा कालव्यातून येते. ठिबकावर ही गरज चाळीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात तर जमिनीखालचे पाणीच पिकाला सोसत नाही, तेथे हे चित्र आणखी निराळे होते.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पडलेला पाऊस मोजून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. त्या गावाने उसाला नकार दिला आहे, हे आपल्यासारख्यांना थोडे टोचणारे असले तरी लपवण्यात अर्थ नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत आपला वरूड होता. शिवारातले पाणी कोठून येते व कोठे जाते, हे ओळखून गावकऱ्यांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे केली.

चित्र फसवतेही

चित्र पटकन पटते, म्हणूनच ते जपून पाहावे. फसगतीच्या दोन वाटा नेहमीच्या आहेत.

पहिली, पाया कापलेला खांब. समजा, एका हंगामात उतारा १०.२ आणि पुढच्या हंगामात १०.५ आला. खांब शून्यापासून काढले तर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतील. पण मोजपट्टी दहापासून सुरू केली तर पहिला खांब दोन बोटे आणि दुसरा पाच बोटे. पाहणाऱ्याला वाटते, उतारा अडीचपट झाला! म्हणून खांबांचे चित्र पाहताना आधी बुडाशी काय आकडा लिहिला आहे ते पाहावे.

दुसरी, फुगवलेले पोते. उत्पादन दुप्पट झाले म्हणून दुप्पट उंचीचे पोते काढले, तर रुंदीही दुप्पट होते आणि कागदावरची जागा चौपट भरते. नॉयराथ यांचा नियम येथे उपयोगी पडतो : माल वाढला तर चित्र मोठे करू नका, तेवढ्याच आकाराची चित्रे जास्त काढा. एका पोत्याची दोन पोती.

याशिवाय तीन प्रश्न नेहमी विचारावे. आकडे कोणत्या वर्षाचे? माप कोणते, टन की क्विंटल, एकर की हेक्टर? आणि आकडे दिले कोणी?

घरच्या घरी सुरुवात

फार खटाटोप नको. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर, झाडापासून दूर ठेवा. रोज सकाळी पट्टीने पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. शाळेत जाणाऱ्या मुलामुलीला चौकटीची वही द्या आणि दर दहा मिलिमीटरला एक चौकोन रंगवायला सांगा. त्याच वहीत दुसऱ्या पानावर ऊस लागवडीची तारीख, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि शेवटी वजनकाट्याच्या पावतीवरचे टन लिहावे. दोन-तीन हंगाम झाले की कोणत्या वावरात पाणी जास्त गेले आणि ऊस कमी आला, हे पोरगेच दाखवून देईल.

आणि येत्या वार्षिक सभेआधी आपल्या गटातल्या चार सभासदांनी मिळून कारखान्याकडे एक मागणी करावी. अहवालाच्या पहिल्या पानावर तीन चित्रे असावीत : गाळप व उतारा, टनामागे मिळालेला भाव, आणि कर्ज. तिन्ही किमान पाच वर्षांची, शून्यापासून काढलेली आणि माप लिहिलेली. अहवाल छापायला जाण्याआधी ही मागणी लेखी द्यावी, म्हणजे वेळेत विचार होईल.