भिंत अर्धीच राहिली

गेल्या उन्हाळ्यात मी बहिणीकडे अहेरीला गेलो होतो. आलापल्लीचे सागवानी जंगल मागे पडले, एसटी स्टँडवर लागली आणि भाचा समोर आला. पण पिशवी घ्यायला नव्हे! "मामा, दोन मिनिटं थांबा. सोनं गोळा करून घेतो."

भर स्टँडवर सोने? ते होते मोबाइलमध्ये. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' हा खेळ तुम्हांला ठाऊकच असेल. आईबाबांसाठी थोडे सांगतो. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने तो २०१२ साली काढला. एक गाव वसवायचे, तट नि तोफा उभारायच्या, दुसऱ्याच्या गावावर चढाई करायची. खेळ फुकट. पण एकेका बांधकामाला आधी काही तास, मग दिवसचे दिवस लागतात. थांबायचे नसेल तर हिरवी रत्ने मोजायची. रत्ने थोडीफार खेळून मिळतात. भरपूर हवी असतील तर खरे पैसे काढा! पूर्वी फौज तयार होण्याचीही वाट पाहावी लागे. मार्च २०२५ मध्ये कंपनीने ती वाट काढूनच टाकली. म्हणजे वाट पाहायला लावणे हा काही निसर्गनियम नव्हता, बरं का!

भाचा दहावीत जाणार होता. रात्री अंगणातल्या खाटेवर हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगू? आता पहिल्यासारखी मजा येत नाही. पण तीन वर्षं घातली ना! सोडलं तर सारं पाण्यात."

"सोड म्हणून मी केव्हाची सांगून राहिली!" आतून बहीण म्हणाली.

मला एक जुना प्रयोग आठवला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात काहींना हंगामाची तिकिटे पूर्ण किमतीत दिली, काहींना सवलतीत. नाटके सर्वांना तीच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे भरलेलेच जास्त नाटकांना गेले. आर्क्स आणि ब्लूमर या अभ्यासकांनी १९८५ मध्ये हे मांडले. पैसे तर परत येणार नव्हतेच. मग नाटक पाहावेसे वाटते का, एवढाच प्रश्न उरायला हवा होता. भाच्याची तीन वर्षेही तशीच. खेळला तरी गेलेली, सोडला तरी गेलेली.

त्याला हे पटले, पण अर्धेच. मग आम्ही एक युक्ती केली. आठवडाभर खेळ उघडला की का उघडला, ते वहीत लिहायचे. बहिणीला हे पसंत नव्हते. तिला मोबाइल कपाटात हवा होता. पण तिने आठवडा दिला.

वही भरली. ४३ वेळा खेळ उघडला. २८ वेळा 'सोने गोळा करायला', ९ वेळा 'उगीच'. आणि 'मजा' फक्त ६ वेळा! त्या सहाही चढाया होत्या. दोन गटांचे युद्ध दोन दिवस चालते, एक तयारीचा आणि एक लढाईचा. प्रत्येकाला दोन चढाया, चढाई ३ मिनिटांची. आठवड्यात तीन युद्धे झाली. म्हणजे मजा झाली १८ मिनिटांची, आणि मोबाइलच्या हिशेबात वेळ होता ११ तास!

"त्या १८ मिनिटांत काय असते रे?" मी विचारले.

तो जरा थांबला. त्याच्या गटात त्याचा जुना शेजारी मित्र होता. वडिलांची बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी तो नागपूरला गेला. चढाईच्या वेळी दोघे गप्पा मारत, एकमेकांना फौज पाठवत.

"पण मामा, गाव वाढवलं नाही तर युद्धात हरू ना!"

मुद्दा बिनतोड होता. माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हटले, त्यालाच विचार. भाच्याने फोन लावला. पलीकडून आधी हसणेच ऐकू आले. "अरे, मी तर महिनाभर एक भिंत बांधली नाही! तू रागावशील म्हणून बोललो नाही."

तेव्हापासून दोघे रविवारी एकमेकांना फोन करतात. युद्ध असले तर चढाई, नसले तर नुसत्याच गप्पा. चार-पाच वेळा ते हरलेही. मधे सहामाहीच्या आदल्या रात्री भाचा सोने गोळा करताना पकडला गेला, ते वेगळेच! तटाची भिंत मात्र अजून अर्धी जुनीच आहे.

दिवाळीत तो मित्र अहेरीला आला. त्या आठवड्यात दोघांनी एकही चढाई केली नाही, असे बहिणीने फोनवर सांगितले. दोघे सकाळी सायकली घेऊन जायचे ते थेट जेवायला परत.