गुलमंडीचे पाणी आणि नाथसागर

छत्रपती संभाजीनगरातील पैठण दरवाजातून टिळक पथाने शहरात शिरले म्हणजे थोड्याच अंतरावर गुलमंडीची बाजारपेठ लागते. या दरवाजातून पैठणची वाट निघते, म्हणून त्यास ते नाव पडले. आज गुलमंडीतील घरांत नळाने येणारे पाणीही पैठणचेच असते. ते सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करून येते.

पूर्वी पाणी दुसऱ्या बाजूने येत असे. मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले आणि पुढे काही वर्षांतच उत्तरेकडील डोंगरांतील पाणी जमिनीखालून बांधलेल्या नहरीने नगरात आणले. उगम उंचावर व वस्ती सखल भागात असल्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहत येई. त्यास मोट लागत नसे, बैलही लागत नसत. मात्र वस्ती वाढली, तसे झऱ्यांचे पाणी अपुरे पडू लागले.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण बांधण्यात आले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरणाची लांबी सुमारे १० किलोमीटर असून त्यास २७ दरवाजे आहेत. संत एकनाथांच्या नावावरून जलाशयास नाथसागर म्हणतात. तो पूर्ण भरला असता त्यात सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. त्यातील मोठा भाग शेतीच्या कालव्यांसाठी आहे.

एवढा साठा असताना अलीकडच्या वर्षांत गुलमंडीसारख्या जुन्या वस्तीत नळास काही दिवसांआड पाणी का यावे, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतोच, आणि तो रास्त आहे. धरण भरले की नळ भरले, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जलाशयाची पातळी शहरापेक्षा सुमारे १०० मीटर खाली आहे. म्हणजे प्रत्येक थेंब तीस मजली इमारतीइतका वर चढवावा लागतो. हे काम विजेचे पंप करतात. वीज खंडित झाली की पाणीही थांबते. वर चढविलेले पाणी फारोळा येथे शुद्ध होते, नक्षत्रवाडीच्या टेकडीवरील टाक्यांत येते आणि तेथून शहरात वाटले जाते.

दुसरी अडचण नळाच्या व्यासाची. पहिली जलवाहिनी ७०० मिलिमीटर व्यासाची, तर नंतरची १,४०० मिलिमीटरची. व्यास दुप्पट झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते. हे गणित मुलांकडून फळ्यावर करवून घ्यावे. पुढे हाती घेतलेल्या योजनेत २,५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी धरली आहे. ती का, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

नाथसागर रुंद आहे, पण उथळ आहे. भरलेल्या जलाशयाचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर असते. त्याच्या पृष्ठावरून केवळ एक सेंटिमीटर पाण्याची वाफ झाली, तर ३५० कोटी लिटर पाणी जाते. शहरास अलीकडे दररोज सुमारे १२ ते १४ कोटी लिटर पाणी मिळत आले आहे. म्हणजे ऊन एका सेंटिमीटरमागे शहराचे पंचवीस दिवसांचे पाणी पिऊन टाकते.

याच उथळपणाचा पक्ष्यांना मात्र लाभ होतो. हिवाळ्यात रोहित पक्षी व नाना जातींची बदके काठच्या पाण्यात चरावयास येतात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले आणि शहरातील कुटुंबे व शाळांच्या सहली पैठणला जाऊ लागल्या.

सहलीतील मुलांना भिंतीवरून जे विस्तीर्ण पाणी दिसते, त्याखाली शंभराहून अधिक गावांची जमीन आहे. तेथील कुटुंबांना घरेदारे सोडून अन्यत्र वसावे लागले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे काठचा गाळ उघडा पडतो व त्यावर शेतकरी गाळपेर पिके घेतात. पुढील पावसाळ्यात गोदावरीस पूर आला, की ती शेते पुन्हा पाण्याखाली जातात.