आधी भरणा, मग हिशेब

लेखमाला : कारभार आणि संगणक – भाग ६

मोठ्या संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसभर माणसं नोंदी करतात, हे मागच्या भागात पाहिलं. त्या नोंदींवरचं बरंचसं काम रात्री, कुणीही बटण न दाबता होतं. त्याचा क्रम कोण ठरवतं आणि तो चुकला तर काय होतं, हे आज पाहू. उदाहरण खान्देशातलंच घेऊ, सहकारी बँकेचं.

जळगाव जिल्हा मध्यवर्ती बँक घ्या, धुळे आणि नंदुरबार या दोन्ही जिल्ह्यांची मिळून असलेली मध्यवर्ती बँक घ्या, नाहीतर एखादी नागरी बँक. काउंटर बंद झालं की बँकेत ‘डे-एंड’ सुरू होतो. शाखांची कॅश जुळते. दिवसभराचा भरणा खात्यांवर चढतो. बाहेरच्या बँकांतून आलेल्या एनईएफटी आणि चेकच्या नोंदी बसतात. मग व्याजाची आकारणी होते, कुणाचा हप्ता थकला ते तपासून खात्यांची वर्गवारी होते, अहवाल निघतात आणि शेवटी बँकेची तारीख एक दिवस पुढे सरकते. यातल्या प्रत्येक कामाला ‘जॉब’ म्हणतात आणि ते ठरल्याप्रमाणे सोडणाऱ्या यंत्रणेला ‘शेड्युलर’.

हे तांत्रिक वाटेल, पण कर्जदाराची पत यावर ठरते. रिझर्व्ह बँकेने १२ नोव्हेंबर २०२१ च्या परिपत्रकात थकबाकीची व्याख्या डे-एंडशीच जोडली. ३१ मार्चला देय असलेली पूर्ण रक्कम त्या तारखेचा डे-एंड चालण्याआधी जमा झाली नाही, तर खातं ३१ मार्चपासून थकीत. थकबाकी तशीच राहिली, तर ३० एप्रिलच्या डे-एंडला ते एसएमए-१, ३० मेच्या डे-एंडला एसएमए-२ (या दोन्ही इशाऱ्याच्या पायऱ्या) आणि २९ जूनच्या डे-एंडला एनपीए, म्हणजे अनुत्पादक खातं.

समजा, जळगाव एमआयडीसीतला एक चटई कारखानदार याच २९ जूनला दुपारी दुसऱ्या बँकेतून एनईएफटीने सगळी थकबाकी भरतो. पैसे बँकेत पोहोचतात. पण ती फाइल खात्यांवर चढवणारा जॉब रात्री एका चुकीच्या नोंदीवर अडकतो. वर्गवारीचा जॉब ११ वाजता लावलेला आहे. तो ११ वाजता सुटतो, खात्यात पैसे दिसत नाहीत म्हणून एनपीएचा शिक्का मारतो आणि पुढे जातो. एकही जॉब खोटं बोललेला नाही, तरी पैसे भरलेला माणूस बुडव्या ठरला. नंतर दुरुस्ती होईलही, पण तोवर त्याचं कॅश क्रेडिट अडकलं तर कामगारांचा पगार कशातून करायचा?

चूक एकाच जागी आहे. वर्गवारीचा जॉब घड्याळाला बांधला होता. तो ‘सर्व भरणा चढला’ या अटीला बांधायला हवा होता. जळगावच्या डाळमिलमध्ये हे कुणाला शिकवावं लागत नाही. तुरीला तेल-पाणी लावून ती उन्हात टाकली की वाळल्याशिवाय भरडायला घेत नाहीत. आभाळ आलं तर एक दिवस जास्त थांबतात.

कामं वेळेवर सोडण्याची सोय जुनी आहे. युनिक्समधला ‘क्रॉन’ १९७० च्या दशकापासून तेच करतो आणि साध्या कामाला आजही पुरतो. कामं एकमेकांवर अवलंबून असली की तो अपुरा पडतो. म्हणून एसएपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये जॉब सुरू करण्याचे वेगवेगळे मार्ग दिलेले असतात: ठरावीक वेळी, एखादी घटना घडल्यावर किंवा दुसरा जॉब संपल्यावर. या शेवटच्या मार्गात आणखी एक खूण करता येते, आधीचा जॉब यशस्वी झाला तरच पुढचा सोडायचा. ती खूण राहिली, तर आधीचा जॉब कोसळून संपला तरी पुढचा सुटतो.

आधीचं काम यशस्वी झालं तरच पुढचं सोडायचं, ही झाली पहिली अट. दुसरी अट, अडलं की थांबायचं आणि ठरलेल्या माणसाला त्याच क्षणी कळवायचं. तिसरी अट पुन्हा चालवण्याची. व्याजाचा जॉब अर्ध्यात पडला आणि पुन्हा सोडला, तर आधीच व्याज पडलेल्या खात्यांवर ते दुसऱ्यांदा पडता कामा नये.

मोठ्या बँकाही यात अडखळतात. जून २०१२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहात शेड्युलिंगचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं गेलं, अडचण दिसताच जुनं परत बसवलं, आणि दोन्हींचा मेळ न बसल्याने रात्रीच्या जॉबांची साखळीच तुटली. तिथल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना झळ बसली. कुणाचा पगार जमा होईना, कुणाचा हप्ता जाईना. नोव्हेंबर २०१४ मध्ये नियामकांनी एकूण ५.६ कोटी पौंडांचा दंड केला.

आपल्याकडे रात्रीची सवडही आता उरलेली नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, दर अर्ध्या तासाला चालते. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्ते आणि पगार वळते करणारी एनएसीएच रविवारीही सुरू असते. पैसे कोणत्याही क्षणी येणार असतील, तर एक ठरावीक तास धरून आखलेली साखळी कधीतरी फसणारच.

हा प्रश्न आता गावातही पोहोचतो आहे. २९ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकासोंच्या, संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. सोसायटीचा कारभार एका सामायिक ईआरपीवर, म्हणजे सगळा कारभार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, आणून जिल्हा बँकेशी जोडायचा, अशी ही योजना. रावेरचा केळीवाला आणि शिंदखेड्याचा कापूसवाला पीककर्ज मुदतीत फेडतो तो व्याज सवलतीसाठी. त्याचा भरणा सोसायटीतून बँकेपर्यंत वेळेत चढला नाही, तर ती सवलत धोक्यात येते.

आजवर ही साखळी गटसचिव आणि शाखेतले जुने क्लार्क डोक्यात सांभाळत आले. कोणत्या शाखेचा भरणा उशिरा येतो, वसुलीच्या शेवटच्या दिवशी किती थांबायचं, कोणती यादी हाताने ताडून पाहायची, हे त्यांना माहीत असतं आणि ते निवृत्त झाले की त्यांच्याबरोबर जातं. म्हणून संचालक मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे. नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी या माणसांना डे-एंडच्या वेळी शेजारी बसवा. प्रत्येक काम कशानंतर, कोणत्या अटीवर आणि अडलं तर कुणाला फोन, हे एका कागदावर मराठीत लिहून काढा. पुरवठादाराने त्या कागदाप्रमाणे साखळी बांधावी, आणि मंडळाने वसुलीच्या हंगामाआधी एक जॉब मुद्दाम पाडून ती थांबते का, हे पाहावं. वेळेवर पैसे भरणाऱ्याला थकबाकीदार न ठरवणं ही बँकेची जबाबदारी आहे. ती सॉफ्टवेअरच्या माथी मारता येणार नाही.

पुढील भागात: कमाल मर्यादा पत्रकापासून कर्जमंजुरीपर्यंत कागद कुणाच्या टेबलावर किती थांबतो आणि वर्कफ्लो तिथे काय करू शकतो.