असील कोंबड्याची परतफेरी

मार्केट यार्डाच्या भुसार विभागात धान्याची पारख तळहातावर होते. पोत्यातला मूठभर मका हातावर पसरायचा, दाणा दाबून बघायचा, मग भाव बोलायचा. जातिवंत कोंबड्या पाळणाऱ्याचा हातही असाच तयार असतो. पक्षी उचलून तो छातीखालून तळवा फिरवतो. मधलं हाड सरळ आहे का, दोन्ही बाजूंना मांस किती भरलंय, पाय ताठ आहेत का? कसाला उतरला तो पुढच्या पिढीचा बाप, बाकीचे कळपाबाहेर.

यार्डातून भाजी घेऊन निघालेला पुणेकर वाटेत चिकनच्या दुकानाशी थांबतो, तेव्हा पहिला प्रश्न येतो, "गावरान की बॉयलर?" हा बॉयलर सगळ्यांना परदेशी वाटतो. पण त्याच्या बापाकडचं घराणं भारतातलं आहे.

असील म्हणजे अस्सल कुळाचा. रुंद छाती, घट्ट अंगाला चिकटलेली पिसं, बारीक तुरा आणि झुंजीत माघार न घेण्याची वृत्ती. शतकानुशतकं झुंजीसाठीच निवड झाल्यामुळे त्याच्या अंगावर मांस भरलं. अंडी मात्र मोजकीच राहिली. एकोणिसाव्या शतकात हा पक्षी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात पोहोचला. तिथल्या झुंजार कोंबड्यांशी त्याचा संकर झाला आणि 'इंडियन गेम' ही जात उभी राहिली. तिचं श्रेय जनरल सर वॉल्टर गिल्बर्ट यांना दिलं जातं. हीच जात पुढे 'कॉर्निश' झाली.

१८३५मध्ये ब्रिटनमध्ये झुंजींवर कायद्याने बंदी आली आणि हौशी पैदासकार प्रदर्शनांकडे वळले. प्रत्येक जातीचे निकष लिहून ठेवले गेले. तुरा कसा, शेपटी किती, रंग कोणता. आवडता गुण पक्का करायला ते बापलेकीचाही जोड लावत. मात्र रक्त फार जवळ आलं की अंडी कमी उबतात, पिल्लं नाजूक निघतात. म्हणून जाणता माणूस एकाच जातीची तीन-चार कुळं वेगळी राखतो आणि नर फिरवत ठेवतो.

१९४८मध्ये अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' शोधणारी स्पर्धा भरली. तिथे स्पर्धकांनी कोंबड्या आणायच्या नव्हत्या, अंडी पाठवायची होती. सगळी अंडी एकाच ठिकाणी उबवली आणि पिल्लं एकाच खाद्यावर वाढवली. त्यामुळे फरक दिसेल तो रक्ताचाच. कॅलिफोर्नियाचे चार्ल्स व्हँट्रेस जिंकले, कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांच्या संकराच्या जोरावर. त्यांचं नाव आजही 'कॉब-व्हँट्रेस' या कंपनीत आहे.

आणि इथे वाट पुण्याला वळते. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. समूहाचं मुख्यालय सिंहगड रस्त्यावर आहे. कॉबच्या वाणापासून त्यांनी 'वेनकॉब' आणला आणि तो देशभरच्या शेडमध्ये पोहोचला.

निवडीची ताकद केवढी, हे २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात दिसतं. १९५७, १९७८ आणि २००५ या काळांतले वाण एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांनी सरासरी वजनं भरली ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम.

एवढ्या वजनाची किंमत पायांनी आणि हृदयाने मोजली. पक्षी लंगडू लागले, पोटात पाणी साठून दगावू लागले. त्यामुळे आता पैदास केंद्रांत वजनाच्या काट्याइतकंच चालीकडे लक्ष असतं. नुसता भरलेला नर पुरत नाही. तो चार पावलं नीट टाकतो का, हे बघूनच पुढच्या पिढीसाठी ठेवतात.