रटलंड: नकाशावर परतलेली काउंटी

1 एप्रिल 1974 रोजी रटलंड ही इंग्लंडची सर्वांत लहान जुनी काउंटी कारभाराच्या नकाशावरून पुसली गेली. क्षेत्रफळ अवघं 382 चौरस किलोमीटर, आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांहून कमी. एवढ्याशा मुलखाला वेगळा कारभार परवडत नाही, असं ठरवून सरकारने तो शेजारच्या लेस्टरशरला जोडला. रटलंडकरांना हे कधीच पटलं नाही. अखेर 1 एप्रिल 1997 रोजी त्यांना स्वतंत्र काउंटी परत मिळाली. आज लोकसंख्या 41 हजारांच्या आसपास आणि शहरं म्हणावीत अशी दोनच, ओकम आणि अपिंगम.

इथल्या माणसांना आपल्या वेगळेपणाचा एवढा अभिमान का, हे ओकमच्या किल्ल्यात कळतं. तटबंदी बरीचशी ढासळली आहे. शाबूत आहे तो 1180 ते 1190 च्या सुमारास जहागीरदार वाल्केलिन द फेरर्सने बांधलेला दगडी दरबार. त्याच्या भिंतींवर दोनशेहून अधिक नाल लटकलेले दिसतात. पहिल्यांदा ओकमला येणाऱ्या उमरावाने किंवा राजघराण्यातल्या व्यक्तीने इथल्या जहागीरदाराला एक नाल द्यायचा, अशी जुनी रीत. सर्वांत जुना नाल राजा चौथ्या एडवर्डचा मानतात. 1470 मध्ये त्याने जवळच बंडखोरांचा पराभव केला होता. सगळे नाल टोकं खाली करून टांगलेले. उलटे टांगले की सैतानाला त्यात बसायला जागा मिळत नाही, अशी इथली समजूत.

ओकमच्या पूर्वेला रटलंड वॉटर. पूर्व इंग्लंडच्या वाढत्या शहरांना पाणी हवं होतं, म्हणून 1970 च्या दशकात ग्वॉश नदीच्या खोऱ्यात एम्पिंगमजवळ धरण बांधलं. पाण्याच्या विस्तारात इंग्लंडमध्ये याहून मोठा कृत्रिम जलाशय नाही. खालचं हॅम्बल्टन गाव त्यात बुडालं, मधल्याचाही बराच भाग गेला. वरचं तेवढं द्वीपकल्पावर उरलं. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं देऊळ पाहिलेल्यांना इथल्या पाण्यातलं नॉर्मन्टनचं चर्च ओळखीचं वाटेल. फरक एवढाच, की चर्च वाचवण्यासाठी त्याचा खालचा भाग भरावाने भरून घेतला आणि भोवती बांध घातला.

या पाण्याने घेतलं तसं दिलंही. इंग्लंडमधून नाहीशा झालेल्या ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची पिल्लं 1996 पासून स्कॉटलंडहून आणून इथे सोडली. 2001 मध्ये इथल्या घरट्यात पहिलं पिल्लू जन्मलं. आपल्या भिगवणला हिवाळ्यात ऑस्प्रे दिसतो, पण रटलंडचे ऑस्प्रे थंडीत पश्चिम आफ्रिका गाठतात. 2021 मध्ये जलाशयालगतचं एक तळं उपसताना सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा जवळपास 10 मीटर लांबीचा सांगाडा सापडला. त्याआधीच्या वर्षी, लॉकडाऊनच्या काळात, रटलंडमधल्याच केटन गावाजवळच्या शेतात रोमन काळातली रंगीत फरशी उघडी पडली. तिच्यावर ट्रॉयच्या युद्धातले अकिलिस आणि हेक्टर आहेत. शेत खासगी असल्याने ती प्रवाशांना पाहता येत नाही.

लंडनहून पीटरबरोला गाडी बदलून ओकम गाठता येतं. तलावाकाठी सायकली भाड्याने मिळतात. पूर्ण फेरी सुमारे 37 किलोमीटरची. ऑस्प्रे पाहायचे असतील तर एप्रिल ते ऑगस्टमध्ये जावं. दोन दिवस हाताशी ठेवा: एक ओकमसाठी, दुसरा पाण्यासाठी. हिशेबात न बसणारी ही काउंटी लोकांनी का सोडली नाही, हे तेवढ्यात नक्की उमगतं.