मशीन थांबविण्याचे काम कॉम्प्युटरवर सोपवू नका

जुने मिलिंग मशीन घ्यायचे, त्याला बॉल स्क्रू आणि मोटारी बसवायच्या आणि ते कॉम्प्युटरवर चालवायचे, हे काम आता फक्त मोठ्या कारखान्यांचे राहिलेले नाही. स्टेपर मोटार, ड्राइव्ह, व्हीएफडी हे सर्व सामान बाजारात सुटे मिळते. ‘लिनक्स सीएनसी’ हे सॉफ्टवेअर तर मोफत आहे. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामातून ते पुढे आले. त्यामुळे घराला लागून असलेल्या गाळ्यात डाय आणि साचे बनविणारा कारागीरही स्वतःच्या हाताने सीएनसी तयार करू शकतो.

यात अडचण एकच. सर्व लक्ष जॉबच्या अचूकपणाकडे जाते आणि वायरिंग शेवटी घाईघाईने उरकले जाते. इमर्जन्सी स्टॉपचे लाल बटण बसविलेले असते, परंतु त्याच्या दोन वायरी फक्त कंट्रोलर कार्डाला जोडलेल्या असतात. बटण दाबले की कॉम्प्युटरला निरोप जातो आणि मग कॉम्प्युटर मशीन थांबवितो. पण कॉम्प्युटरच अडकून बसला असेल तर? कार्डावरील रिले चिकटला असेल तर? ज्या वेळी बटणाची खरी गरज असते, नेमक्या त्याच वेळी ते निकामी ठरते.

स्टार्टरचेच तत्त्व

यावरचा उपाय आपल्या इलेक्ट्रिशियन बंधूंना नवा नाही. मोटारीच्या डीओएल स्टार्टरमध्ये हिरवे आणि लाल अशी दोन बटणे असतात. हिरवे दाबले की कॉन्टॅक्टर ओढला जातो आणि स्वतःच्याच जादा कॉन्टॅक्टवर धरून राहतो. लाल दाबले की कॉइलची वीज तुटते आणि कॉन्टॅक्टर सुटतो. सीएनसीलाही हेच करावे. २४ व्होल्टच्या कंट्रोल सप्लायवर एक कॉन्टॅक्टर घ्यावा. मशरूम बटणाचा एनसी, म्हणजे एरवी जुळलेला, कॉन्टॅक्ट त्याच्या कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये घालावा. ड्राइव्हचा सप्लाय या कॉन्टॅक्टरमधून न्यावा. ड्राइव्ह चालू असताना ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामधली वायर मात्र कधीही तोडू नये, ड्राइव्ह जळतो.

एनसी कॉन्टॅक्टचा फायदा असा की वायर तुटली किंवा स्क्रू ढिला झाला तरी मशीन थांबते. बिघाड लपून राहत नाही. दुसरा फायदा लोडशेडिंगचा. वीज गेली की कॉन्टॅक्टर सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवे बटण दाबेपर्यंत मशीन सुरू होत नाही. कटर साफ करताना वीज परत येऊन मशीन अचानक फिरले तर काय होईल, हे सांगायला नको.

बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट कंट्रोलरला जरूर द्यावा, म्हणजे प्रोग्रामही थांबतो. कॉम्प्युटर आणि कंट्रोलर यांचा सप्लाय मात्र चालू राहू द्यावा.

स्पिंडल आणि झेड अक्ष

यंत्रांच्या विजेसंबंधीचे आयईसी ६०२०४-१ हे आंतरराष्ट्रीय मानक इमर्जन्सी स्टॉपचे दोनच प्रकार मान्य करते. एकात वीज ताबडतोब तोडायची, दुसऱ्यात आधी ब्रेक लावून थांबवायचे आणि मग वीज तोडायची. स्पिंडलला हा फरक लागू पडतो. व्हीएफडीची वीज एकदम तोडली तर कटर आपल्या वेगाने फिरतच राहतो. व्हीएफडीला ब्रेकिंग रेझिस्टर असेल तर आधी स्टॉपची आज्ञा द्यावी आणि टाइमर रिलेने थोड्या सेकंदांनी सप्लाय तोडावा. सप्लाय तोडल्यानंतरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा व्होल्टेज राहतो. त्यावर छापलेला वेळ गेल्याशिवाय झाकण उघडू नये.

जुना चौकोनी आट्यांचा स्क्रू वीज नसतानाही हेड धरून ठेवीत असे. बॉल स्क्रू तसे धरीत नाही. मोटारीची वीज गेली की जड हेड खाली घसरू शकते, आणि खाली कोणाचा तरी हात असू शकतो. म्हणून झेडला काउंटरवेट, गॅस स्प्रिंग किंवा वीज गेल्यावर लागणारा ब्रेक हवा.

काही बारीक गोष्टी

लिमिट स्विचही एनसी जोडावेत. त्यांच्या वायरी शील्ड केबलमधून, व्हीएफडीच्या केबलपासून दूर न्याव्यात, नाहीतर खोटे सिग्नल येतात. मशीनची बॉडी, पॅनेल आणि व्हीएफडी यांचे अर्थिंग एका ठिकाणी पक्के करावे. गळतीचा ब्रेकर वारंवार पडतो म्हणून अर्थिंग काढून टाकणे हा उपाय नव्हे, तो अपघात आहे.

बटण पिवळ्या पाटीवर लाल रंगाचे, दाबल्यावर अडकून राहणारे असावे. पिरगळून सोडल्यावर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. कटरवरून हात न नेता ते दाबता आले पाहिजे.

तपासणी आपणच करावी

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमात, चालत्या यंत्राची वीज आणीबाणीत तोडण्याचे साधन कामाच्या प्रत्येक खोलीत असावे, असे म्हटले होते. पण दोन-तीन माणसांच्या गाळ्यात ते पाहायला कोण येणार? म्हणून आठवड्यातून एकदा जॉब न लावता मशीन चालवावे आणि बटण दाबून पाहावे. मशीन प्रथम चालू करण्यापूर्वी बटणाची एक वायर मुद्दाम काढून पाहावी. कॉन्टॅक्टर ओढला गेला तर जोडणी चुकली आहे असे समजावे.

या सर्वाला लागणारे सामान एका चांगल्या ड्राइव्हच्या मानाने स्वस्तच पडते. उस्तादाला मशीनच्या खोडी ठाऊक असतात, तो सावध राहतो. शेजारी उभ्या असलेल्या शागीर्दाला त्या ठाऊक नसतात. ते बटण मुख्यतः त्याच्यासाठी आहे.